रेघोट्यांतून अक्षर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी डोंबिवलीच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल रिकामं होतं आणि सहा-सात जणांचा वर्ग भरतो. एक मोठं अक्षर काढायचं आणि त्याच्या आत किंवा भोवती एखादी साधी खूण पुन्हा पुन्हा काढत नक्षी भरायची, एवढंच काम. नवीन माणूस आला की तेच प्रश्न येतात, म्हणून ते एकदाचे लिहून काढले. क्रम माझ्या मनाने लावलाय. घाईत असाल तर शिरोरेषेचा प्रश्न तेवढा वाचा, बाकीचं नंतर बघू.

फोनवर बोलताना वहीच्या कोपऱ्यात आपण रेघोट्या मारतो, तेच का हे?

त्याचीच सख्खी बहीण. फोनवर बोलताना हात चालतो आणि लक्ष दुसरीकडे असतं. इथे लक्ष हातावरच ठेवायचं. खुणाही मोजक्याच वापरायच्या: उभी रेघ, चंद्रकोर, अवग्रहासारखं (ऽ) वळण, शून्य आणि ठिपका. पाचच. पुढे दिसणाऱ्या सगळ्या नक्ष्या या पाचांतून निघतात. एक खूण काढली की तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. पूर्ण चित्र कसं दिसेल याचा विचार त्या वेळी करायचा नाही.

ही कल्पना आली कुठून?

नक्षीदार अक्षरं फार जुनी. इसवी सन ८०० च्या सुमाराचं केल्सचं हस्तलिखित ('बुक ऑफ केल्स', बायबलमधल्या शुभवर्तमानांची नक्षीदार पोथी) आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यातल्या एका पानावर जेमतेम दोन-तीन अक्षरांनी अख्खी जागा व्यापली आहे आणि त्यांच्या आतबाहेर वेटोळी, गाठी, चक्रं यांची इतकी गर्दी आहे की नीट बघितल्याशिवाय तिथल्या मांजरी, उंदीर आणि मासा पकडलेलं पाणमांजर दिसतच नाही. मी त्याचे छापील फोटोच पाहिलेत, पण भिंग घेऊन पाहिलेत.

ध्यानासारखं बसून नक्षी भरायची आजची पद्धत मात्र अलीकडची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये मारिया थॉमस आणि रिक रॉबर्ट्स या जोडप्याने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिला आकार दिला आणि 'झेंटँगल' हे नाव ठेवलं. मारिया अक्षरकार. एकदा त्या एका मोठ्या सोनेरी अक्षराच्या मागची जागा बारीक नक्षीने भरत होत्या. रिक मधेच काही बोलायला आले, तेव्हा आपण किती वेळ कुठे हरवलो होतो ते मारियांनी त्यांना सांगितलं. रिक यांनी पूर्वी काही वर्षं संन्याशासारखी काढलेली. हे तर ध्यानाचंच वर्णन आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणजे ही पद्धत जन्मलीच मुळी अक्षराच्या पाठीमागे. पुढे ती छोट्या चौकोनी कागदांवर गेली आणि अक्षर मागे पडलं. मी ते परत पुढे आणते, इतकंच.

मला सरळ रेघसुद्धा काढता येत नाही. जमेल का?

सरळ रेघ हवी असेल तर पट्टी आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना ब्लॉक लेटरिंग आठवत असेल. चौकोन मोजायचे, अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली की पोटात गोळा. त्या भीतीने बरेच जण चित्रकलेपासून कायमचे दूर गेले. इथे हात थरथरला तरी चालतो. एकच थरथरती रेघ चूक वाटते, पण तशाच चाळीस रेघा शेजारी-शेजारी आल्या की तो पोत होतो.

अक्षराचा आकार जमत नसेल तर एक पळवाट सांगते. रद्दी कागदावर जाड अक्षर काढा, हवं तर संगणकावरून मोठ्या टाइपात छापून घ्या, कात्रीने कापा, चांगल्या कागदावर ठेवा आणि पेन कडेकडेने फिरवा. शिरोरेषेमुळे देवनागरी अक्षराचे सगळे तुकडे एकत्र राहतात, त्यामुळे कापलेलं अक्षर सुटं होत नाही. आमच्या वर्गातले निम्मे लोक अजून असंच करतात आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

सामान काय लागतं?

एक काळं पेन, एक पेन्सिल, थोडा जाड कागद.

पेन पिगमेंट शाईचं घ्या, म्हणजे वरून पाणी किंवा रंग लागला तरी पसरत नाही. साकुराच्या मायक्रॉन पेनांवर ००५, ०१, ०५, ०८ असे आकडे असतात. ०१ ची रेघ ०.२५ मिलिमीटर, ००५ ची ०.२०, ०५ ची ०.४५ आणि ०८ ची ०.५० मिलिमीटर. एकच घ्यायचं तर ०१. दुसरं परवडत असेल तर काळं भरायला ०८. इतर कंपन्यांचीही अशी पेनं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. वेष्टनावर वॉटरप्रूफ लिहिलंय का तेवढं बघा. साधं बॉलपेन चालतं, जेलपेन नको, कारण तळहात लागून पुसलं जातं. डावखुऱ्यांनी तर जेलपेनच्या वाटेलाच जाऊ नये.

कागद २०० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप, वेष्टनावर असतं) आसपासचा, गुळगुळीत. मी एकदा हौसेने खडबडीत हातकागद मागवला. विकणाऱ्याने 'खास पेनासाठी' असं सांगितलेलं. तासभर खपून 'श्री' भरला आणि प्रत्येक रेघेला सुरवंटासारखे केस फुटले. तेव्हापासून नवा कागद आला की आधी कोपऱ्यात पाच रेघा मारते आणि चहा करून परत येऊन बघते.

झेंटँगलवाले साडेतीन इंची, म्हणजे जवळपास नऊ सेंटीमीटरचा चौकोन वापरतात. हे माप का निवडलंय ते हातात घेतल्यावर कळतं: एका बैठकीत संपतं. मोठा कागद घेतला की तो तीन आठवडे टेबलावर पडून राहतो आणि घरचे विचारायला लागतात.

सुरुवात कोणत्या अक्षराने करू? माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराने करू का?

सगळ्यांना तसंच वाटतं. नाव 'प', 'म', 'ग', 'न' ने सुरू होत असेल तर खुशाल करा. 'क्ष', 'ज्ञ', 'झ', 'इ', 'ह' असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. कारण सांगते.

देवनागरी अक्षर जाड करायला घेतलं की त्याचं पोट भरायला लागतं. रोमन 'ओ' किंवा 'डी' कितीही जाड केला तरी मधे भोक राहतं. आपला 'झ' जाड केला की त्याच्या वळणांमधली जागा नाहीशी होते आणि काळ्या डागासारखा गठ्ठा उरतो. बोरूने लिहिलेली अक्षरं सुंदर दिसतात त्याला बोरूची तिरकी जीभ कारण असते. एक वळण जाड येतं, दुसरं आपोआप बारीक. पण बारीक भागात नक्षी मावत नाही, म्हणून आपल्याला सगळीकडे सारखी जाडी हवी असते. ती सोसणारी अक्षरं वेगळी.

मी सगळ्यांना 'ग' देते. त्याचे दोन भाग सुटे आहेत. डावीकडे वळण, उजवीकडे दंड, म्हणजे उभी रेघ, मधे मोकळी हवा, आणि दोघांना वरून शिरोरेषेने धरलेलं. 'ण' आणि 'श' यांचंही तसंच. दुसरं अक्षर 'ठ', कारण त्याच्या पोटात बंद गोल आहे आणि गोलात नक्षी कशी फिरते ते शिकता येतं. तिसरं 'प'. चौथ्या वेळी मात्र प्रत्येकाने आपल्या नावाचं अक्षर घ्यावं. तोवर हात तयार झालेला असतो.

'ल' आणि 'श' काढताना लक्ष असू द्या. फोनवर दिसणारे बरेच टाइप हिंदी वळणाचे असतात आणि तिथूनच बघून काढलं की दंडाचा ल उतरतो. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. नक्षीच्या दृष्टीने पाकळ्यांचा ल म्हणजे मेजवानीच, दोन पाकळ्यांत दोन वेगळ्या नक्ष्या.

शिरोरेषेचं काय करायचं?

सगळ्यात जास्त अक्षरं इथेच बिघडतात.

शिरोरेषा म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. डोळा दोरी बघत नाही, कपडे बघतो. तुम्ही दोरीवरच वेलबुट्टी काढली तर कपडे दिसायचे बंद होतात. नवशिक्या माणसाला पानावर सगळ्यात आधी ती लांबच लांब आडवी पट्टी दिसते आणि तो ती भरत सुटतो: त्रिकोण, फुलं, मणी. मग खाली 'म' आहे की 'भ' आहे ते ओळखू येत नाही.

माझा नियम असा: पहिली दहा अक्षरं शिरोरेषेला हात लावायचा नाही. ती कोरी पांढरी ठेवा किंवा पूर्ण काळी भरा. जाडी दंडाच्या निम्मी ठेवा. दंड बारा मिलिमीटरचा असेल तर शिरोरेषा सहाची. दहा अक्षरांनंतर तिला काठ समजून एखादी अगदी साधी ओळ चालेल, म्हणजे एका रांगेत ठिपके किंवा करवतीचे दाते.

ती आधी काढायची की शेवटी, हेही लोक विचारतात. आपण शाळेत अक्षर लिहून मग वर रेघ ओढायला शिकलो. मोडी लिहिणारे उलटं करत. आधी ओळभर रेघ आखून घ्यायची आणि मग तिच्या खाली अक्षरं लिहीत जायची. शब्द काढायचा असेल तर मोडीवाल्यांचं ऐका. आधी रेघ, म्हणजे अक्षरं वरखाली होत नाहीत. एकटं अक्षर असेल तर कसंही करा.

काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांत नक्षी भरायची का?

काना म्हणजे दंडच, तो भरा. वेलांटीची कमान रुंद ठेवता आली तर तिच्यात चंद्रकोरी छान बसतात. मात्रा काळी भरून मोकळे व्हा. अनुस्वाराला एकच ठिपका, त्यात आणखी ठिपके नकोत. जोडाक्षरांबद्दल मला विचारू नका असं म्हणणार होते, पण 'श्री' सगळ्यांनाच हवा असतो. तिथे अक्षर कोरं ठेवा आणि नक्षी बाहेर काढा. का, ते पुढे.

नक्षी अक्षराच्या आत भरायची की बाहेर?

बाजारातल्या वह्यांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये बहुतेक वेळा आत भरलेली दिसते, कारण ती रोमन अक्षरं असतात. जाड 'ए' किंवा 'बी' मध्ये भरपूर जागा असते आणि बाह्याकृती इतकी ठसठशीत असते की आत काहीही भरलं तरी ए तो ए राहतो.

देवनागरीत मी बाहेर भरायला सांगते. अक्षर पांढरं, कोरं सोडायचं आणि भोवतालचा कागद नक्षीने भरायचा. अक्षर मग अंधारातून पुढे आल्यासारखं दिसतं. 'श्री', 'क्ष', 'ज्ञ' अशी गुंतागुंतीची अक्षरंही वाचता येतात, कारण त्यांच्या बारीक फटींत काही कोंबावं लागत नाही. मारिया थॉमस यांनीही त्या दिवशी अक्षराच्या मागेच भरलं होतं, हे मी वर्गात दर वेळी सांगते आणि जुने लोक डोळे फिरवतात.

हेच तत्त्व गोव्यात आणि कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर पाहिलंय मी. तिथली कावी कला. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. पांढरा रंग कुणी लावत नाही, तो खालून येतो. आपल्या कागदावर अक्षरही तसंच शिल्लक ठेवायचं.

तरी आतच भरायची असेल तर एका अक्षरात एक, फार तर दोन नक्ष्या. दंडात एक, वळणात दुसरी. तिसरी आली की फराळाच्या ताटासारखं होतं: सगळं छान, पण नजर कुठे ठेवायची कळत नाही.

एक अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा ना.

'ग' घेऊ, बाहेरची नक्षी.

नऊ सेंटीमीटरचा चौकोन. चारही कोपऱ्यांत पेन्सिलीने हलका ठिपका द्या, ते ठिपके जोडून चौकट आखा. सरळ नसली तरी हरकत नाही. मध्यभागी साधारण सहा सेंटीमीटरच्या जागेत कापलेला 'ग' ठेवा आणि पेनाने कड फिरवा. दंड बारा मिलिमीटर, डावं वळण तेवढंच जाड, दोघांच्या मधे किमान एक सेंटीमीटर मोकळं. कापलेला कागद उचलला की कोरा 'ग' राहतो.

आता पेन्सिलीने एक सैल, वळणदार रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढा. अक्षर मधे आलं की तिथे थांबा आणि पलीकडून पुन्हा सुरू करा, जणू रेघ अक्षराच्या पाठीमागून गेली. ओढताना विचार करू नका. भोवतालच्या जागेचे चार-पाच कप्पे पडले की बास. झेंटँगलमध्ये हिला 'स्ट्रिंग', म्हणजे दोरा म्हणतात.

मग पेन घ्या आणि एका कप्प्यापासून सुरू करा. माझी सवय अशी की अक्षराला चिकटलेल्या कप्प्यात गडद नक्षी काढायची आणि चौकटीकडच्या कप्प्यात विरळ. अक्षराची कड उठून दिसायला शेजारी काळं हवं. 'ग' च्या दोन भागांमधली ती एक सेंटीमीटरची फट सगळ्यात गडद. तिथे मी सरळ काळं भरते आणि मधे दोन-चार पांढरे ठिपके सोडते.

कागद फिरवा. मनगट वाकडं करून वरच्या कोपऱ्यात पोचायची कसरत करू नका. गोल आकार काढताना तर कागद सतत फिरता हवा.

शेवटी पेन्सिलीने सावली. २बी पेन्सिल आडवी धरून अक्षराच्या उजव्या आणि खालच्या कडेला बाहेरून हलकी छटा द्या आणि कागदाच्या गुंडाळीने किंवा बोटाने पसरवा. अक्षर कागदावरून दोन मिलिमीटर वर उचललं जातं. पेन्सिलीचा दोरा आणि चौकट या छटेत विरून जातात, खोडायची गरज पडत नाही. कोपऱ्यात आद्याक्षर टाका, कागद हातभर लांब धरा आणि बघा. पावणेदोन तास सहज जातात. सराव झाला की पाऊण तास.

कोणत्या नक्ष्या शिकू? नेटवर शेकडो आहेत.

शेकडो शिकायच्या नादात माणूस वहीभर नमुने गोळा करतो आणि अक्षर एकही काढत नाही. चार पुरतात.

झेंटँगलमधल्या तीन माझ्या आवडत्या. 'क्रेसेंट मून': कडेला चंद्रकोरी काळ्या भरायच्या आणि त्यांच्या भोवती, लाटा पसराव्यात तशा, रेघांमागून रेघा. वळणदार कडेसाठी याहून चांगलं काही नाही. 'होलिबॉ': दोन समांतर रेघांची पट्टी कप्प्याच्या आरपार न्यायची, मग दुसरी पट्टी, पण ती पहिलीशी आली की थांबायची आणि पलीकडून पुढे जायची, म्हणजे पहिलीच्या खालून गेल्यासारखी. अशा सात-आठ पट्ट्या झाल्या की मधल्या फटी काळ्या करायच्या. आणि 'पॅरॅडॉक्स'. त्रिकोणाच्या एका कोपऱ्यातून निघायचं आणि पुढच्या कोपऱ्याच्या किंचित अलीकडे टेकायचं, तिथून पुढच्याच्या किंचित अलीकडे, असं आत आत. एकही रेघ वाकडी नसते आणि तरी सगळं गरगर फिरल्यासारखं दिसतं. हे पहिल्यांदा जमलं की लोक टेबलाभोवती सगळ्यांना दाखवत फिरतात.

चौथी तुमच्या घरातली घ्या. कपाट उघडा. पैठणीचा नारळी काठ, विदर्भातल्या साडीचा करवतकाठ, यांत रेघ आणि त्रिकोण यांखेरीज काही नाही. करवतकाठ दंडाच्या कडेने असा बसतो, जणू तिथलाच होता. अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीचं जाळं कप्प्यात जसंच्या तसं उतरतं. चैत्रांगणातली शंख, चक्र, कासव, गोपद्म ही चिन्हं एकेकटी मोठी काढण्याऐवजी बारीक करून रांगेत काढून बघा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कुठे पाहायला मिळालं तर तासभर त्यासमोर उभे राहा. बारीक रेघेची पुनरावृत्ती म्हणजे काय ते तिथे कळतं. वारलीतली माणसं उचलून अक्षरात टाकायचा मोह मात्र टाळा. ती नाचणारी माणसं एका समाजाच्या जगण्यातून आली आहेत, जागा भरायला नाहीत.

चूक झाली तर?

झेंटँगलमध्ये खोडरबरच नसतो आणि मला त्यांची ही गोष्ट सगळ्यात पटली. रेघ बाहेर गेली? तिच्याशेजारी तशाच आणखी तीन बाहेर काढा. शाईचा थेंब पडला? त्याचा मणी करा आणि भोवती वर्तुळं. अक्षराच्या कोऱ्या भागात डाग पडला तर मात्र लपवता येत नाही. मग तेवढ्या भागात नक्षी भरायची आणि पुढच्या माणसाला सांगायचं की हे आधीपासून ठरलेलं होतं.

याने खरंच मन शांत होतं?

माझं होतं. सगळ्यांचं होईल अशी हमी देत नाही.

अभ्यास झालेत, पण ते नेमके याच विषयावर नाहीत. ब्रिटिश संशोधक जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये ४० जणांना एक कंटाळवाणा फोन-संदेश ऐकवला. ऐकताना छापील आकार पेन्सिलीने भरत बसलेल्यांना नंतर २९ टक्के अधिक आठवलं. अमेरिकेतल्या करी आणि कॅसर यांच्या २००५ च्या प्रयोगात ८४ विद्यार्थी होते. मंडलात, म्हणजे गोल नक्षीत, रंग भरणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. यातला मला आवडलेला भाग वेगळाच: साध्या चौकटीच्या कापडासारख्या नक्षीत रंग भरणाऱ्यांचीही तेवढीच उतरली. म्हणजे जादू मंडलात नव्हती. ठरलेल्या चाकोरीत हात चालत राहिला, निर्णय थोडे घ्यावे लागले, हे कारण असावं असं मला वाटतं.

माझी आजी चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढायची. मोजून. मधे कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. शेजारच्या काकूंच्या घरी रामनाम लिहिलेल्या वह्यांची चळत होती. त्या दोघींना कुणी ध्यानाचे फायदे सांगितले नव्हते. पानभर एकच खूण काढत बसायची सवय आपल्याकडे नवी नाही, फक्त तिच्यासाठी महागडं पेन लागत नव्हतं.

झोप लागत नाही, धडधड होते, रडू येतं असं काही चालू असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. नक्षी नंतर आहेच.

मला तर शांत वाटण्याऐवजी चिडचिड होते.

बहुतेक वेळा कारण एकच: चौकोन मोठा आणि पेन बारीक. संपतच नाही. कागद निम्मा करा, पेन ०५ चं घ्या. दुसरं कारण म्हणजे समोर फोनवर कुणाचं तरी सुबक अक्षर उघडून ठेवलेलं असतं. ते बंद करा.

हात आणि मान दुखते.

पेन पकडलंय की गळा, असं मी विचारते. सैल धरा. वीस मिनिटांनी उठा, पाणी प्या. दुखणं आठवडाभर राहिलं तर थांबा आणि दाखवून घ्या.

अक्षरगणेश म्हणजे हेच का?

नाही, पण शेजारचं घर आहे. अक्षरगणेशात नावातल्या अक्षरांनाच वळण देऊन गणपती साकारतात. तिथे अक्षर वाकतं. इथे अक्षर आपल्या जागी उभं राहतं आणि नक्षी त्याला वाट करून देते. अक्षराला स्वभाव कसा द्यायचा ते बघायचं असेल तर कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं शोधून पाहा. एकही फूल न काढता अक्षर हसतं, घाबरवतं. मोडीचा अभ्यास करून अच्युत पालव यांनी केलेलं कामही बघा. ही माणसं नक्षीवाली नाहीत, म्हणूनच आपण बघायची.

रंग भरू का?

काळ्या-पांढऱ्यात वीस अक्षरं झाल्यावर. मग एकच रंग, शक्यतो गेरूसारखा.

लहान मुलांना जमेल?

सहा-सात वर्षांपासून पुढे जमतं. जाड स्केचपेन द्या, अक्षर वीतभर मोठं करा आणि सावली-बिवली सोडून द्या. मुलं एका अक्षरात नऊ नक्ष्या भरतात. भरू दे. आईबाबांनी मागून 'इथे राहिलं' असं म्हणायचं नाही, एवढी अट. आमच्या वर्गात एका बाबांना याच कारणावरून स्वयंपाकघरात चहा करायला पाठवलं होतं.

टॅबवर केलं तर?

सुबक होईल. पण चूक मागे घ्यायचं बटण हाताशी असलं की माणूस ते दाबत राहतो, आणि मग तासाभरात दोनच कप्पे भरलेले असतात.

झेंटँगल नाव वापरून मी शिकवणी काढू का?

ते नोंदणीकृत नाव आहे आणि त्यांचं स्वतःचं प्रशिक्षण घेतलेले प्रमाणित शिक्षक असतात. मी ते घेतलेलं नाही, म्हणून माझ्या वर्गाला नुसतं 'नक्षीअक्षरं' म्हणते. रेघ, चंद्रकोर आणि ठिपका कुणाच्या मालकीचे नाहीत.

कुणाला नावाचं अक्षर भेट द्यायचं आहे. काय काळजी घेऊ?

ते नाव कसं लिहितात ते आधी विचारा. 'ऋ' की 'रु', ऱ्हस्व की दीर्घ. बारशाला द्यायला मी एकदा 'रुजुता' असा अख्खा शब्द चार रात्री भरला आणि पाकीट उघडल्यावर कळलं की पहिलं अक्षर 'ऋ' आहे. बाळाच्या आईने काही म्हटलं नाही. मीच घरी येऊन पुन्हा काढलं. चौकटीत लावताना काच अक्षराला टेकू देऊ नका, मधे पुठ्ठ्याची कडा ठेवा, आणि ऊन येणारी भिंत टाळा. शाई टिकते, पण साधा कागद पिवळा पडतो.

पहिल्या शनिवारी येताना काय आणू?

वाचायचा चष्मा आणि पट्टी. पेन-कागद मी देते. खोडरबर घरी ठेवून या. चुकून आणलात तरी चालेल, दाराशी चपलांच्या कपाटावर एक डबा ठेवलाय, त्यात सध्या अकरा जमलेत.